तुर्की सफरचंद, इराणी सफरचंद आणि रात्री नऊची चर्चा

मराठी वृत्तवाहिन्यांवर परराष्ट्र धोरणाच्या चर्चा घडवून आणणाऱ्या संपादक मंडळींस,

स. न. वि. वि.

मी पुण्याच्या मार्केट यार्डातला आडत्या. फळबाजारात आमचा गाळा वडिलांच्या वेळेपासून आहे. पहाटे चारला आवक सुरू होते, दहापर्यंत माल उठतो, दुपारी शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहून झाल्या की आमचा दिवस संपला. रात्री जेवताना तुमच्या चर्चा बघतो, आज कित्येक वर्षं. तेव्हा हे पत्र रागाचं वाटलं तरी नेहमीच्या गिऱ्हाइकाचं आहे एवढं लक्षात घ्या.

निमित्त मे २०२५ चं. ऑपरेशन सिंदूर झालं, तुर्कस्तान आणि अझरबैजान पाकिस्तानच्या बाजूने बोलले आणि आमच्या यार्डात तुर्की सफरचंदावर बहिष्कार पडला. बातमी देशभर गेली. तुमच्यापैकी एका वाहिनीचा (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) तरुण प्रतिनिधी कॅमेरावाल्याला घेऊन गाळ्यावर आला. पोरगा चांगला होता, उन्हाने हैराण झाला होता, त्याला आधी चहा पाजला. त्याने विचारलं, "काका, तुर्कस्तान मुस्लिम देश आहे म्हणूनच पाकिस्तानला साथ देतो ना?" मी म्हटलं, "बाळा, मागे बघ. त्या थप्पीतल्या पेट्या इराणच्या आहेत. इराणही मुस्लिमच. त्या पेट्यांना कोणी हात लावलेला नाही. मग धर्माचा प्रश्न आला कुठून?"

रात्री बातमी लागली. माझ्या तोंडची दोन वाक्यं होती, "बहिष्कार टाकलाय" आणि "देश आधी". दोन्ही मीच बोललो होतो, त्यात खोटं काही नाही. इराणची थप्पी तेवढी कापली होती. खाली पट्टी फिरत होती, 'इस्लामी देशांची एकजूट'. आमच्याकडेही पट्टी असते. पण आमच्या पट्टीवर वजन, दर, हमाली, तोलाई, गाडीभाडं हे सगळं उतरवावं लागतं, आणि एखादी रक्कम गाळली तर शेतकरी दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो.

जे कॅमेऱ्यासमोर बोललो नाही तेही सांगून टाकतो. बहिष्कारात मी मनापासून होतो, पण माझं त्यात काही गेलं नाही. माझा माल त्या वेळी कोल्ड स्टोरेजमधून काढलेला हिमाचल-काश्मीरचा, आणि थोडा इराणचा. तुर्की माल थांबल्यावर माझ्या पेटीला चार पैसे जास्तच मिळाले. शेजारच्या गाळेवाल्याचे कंटेनर मात्र समुद्रात होते, न्हावाशेव्याला लागायचे होते, पैसे भरून झालेले. "देश आधी" तोही म्हणाला, पण म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बाहेरच्या स्वस्त सफरचंदाने आपला भाव पडतो म्हणून हिमाचल आणि काश्मीरचे बागायतदार कित्येक वर्षं ओरडत होते. २०२३ मध्ये सरकारने किलोला ५० रुपयांच्या आतल्या सफरचंदाची आयात बंद केली ती त्यांच्याच ओरडीमुळे. म्हणजे आमच्या एवढ्याशा बाजारात देशप्रेम, दर, कोणाचा माल कुठे अडकलाय आणि कोणाची जुनी तक्रार काय, हे सगळं एका घोषणेत मिसळलेलं होतं. नुसती घोषणा ऐकून आमचा बाजार कोणाला कळला नसता. मग देशांचे व्यवहार तेवढ्यावर कळतात असं तुम्ही कसं धरून चालता?

अझरबैजानचं नाव त्या आठवड्यात तुम्ही तुर्कस्तानला जोडून शंभरदा घेतलंत. तिथलाच नकाशा उघडा.

अझरबैजान मुस्लिम, त्यातही बहुसंख्य शिया. त्याच्या दक्षिणेला इराण, जगातला सगळ्यात मोठा शिया देश, धर्मगुरूंच्या हातात सत्ता. पश्चिमेला आर्मेनिया, ख्रिस्ती, आणि इतका जुना ख्रिस्ती की चौथ्या शतकाच्या सुरुवातीला हा धर्म राजधर्म म्हणून घेणारं पहिलं राज्य तेच मानतात. नागोर्नो-काराबाख या डोंगरी मुलखावरून आर्मेनिया आणि अझरबैजान तीस वर्षं भांडत होते. तुमच्या पट्टीच्या हिशेबाने इराण कोणाच्या बाजूला हवा?

१९९३ मध्ये तुर्कस्तानने आर्मेनियाची सीमा बंद केली. अझरबैजानने तर आधीच कोंडी केली होती. आर्मेनियाला समुद्र नाही. राजधानी येरेव्हानमध्ये बर्फाच्या दिवसांत दिवसाकाठी एखाद-दोन तास वीज, शेगडी पेटवायला लोकांनी रस्त्याकडेची झाडं तोडली. बाहेर पडायला दोनच वाटा उरल्या. उत्तरेला जॉर्जिया, पण तिथे त्यांचीच यादवी चाललेली. दक्षिणेला अरस नदी, तिच्यावर पूल आणि पूल ओलांडला की इराण. त्या पुलावरून इराणी ट्रक आले. शिया धर्मसत्तेने ख्रिस्ती शेजाऱ्याला धान्य आणि इंधन पुरवलं, आणि तेही समोर शिया अझरबैजान त्याच शेजाऱ्याशी युद्ध करत असताना. पुढे २००७ मध्ये दोघांमध्ये गॅसची पाइपलाइन सुरू झाली. इराणने गॅस द्यायचा, आर्मेनियाने त्याची वीज करून परत करायची. गहू देऊन पीठ घ्यावं तसा सरळ व्यवहार.

हे प्रेम होतं म्हणून नाही. इराणच्या वायव्येला, तब्रीझच्या आसपास, अझेरी बोलणारे लोक कोटीच्या वर आहेत. अझरबैजान देशाची सगळी वस्तीही त्यांच्यापेक्षा कमी, असं बहुतेक अंदाज सांगतात. नदीच्या अलीकडे-पलीकडे तीच भाषा, तोच पंथ, तीच आडनावं. बाकूचं, म्हणजे अझरबैजानचं, राज्य तेलावर गब्बर झालं तर तब्रीझच्या माणसाच्या मनात काय येईल, ही तेहरानची जुनी धास्ती. आपल्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात. बांधाचा वाद कोर्टात नेणारे बहुतेक वेळा सख्खे-चुलतच निघतात. धर्म एक, भाषा एक, म्हणूनच इराणला अझरबैजान जास्त टोचतो. परक्या धर्माचा आर्मेनिया त्याच्या घरात ढवळाढवळ करू शकत नाही.

तोंडाने मात्र इराणही तुमच्या पट्टीसारखंच बोलतो हं. २०२० च्या युद्धात इराणच्या अझेरी प्रांतांतल्या, खुद्द सर्वोच्च नेत्याने नेमलेल्या चार धर्मगुरूंनी पत्रक काढून काराबाख ही इस्लामी भूमी आहे आणि ती परत मिळवणं रास्त आहे असं सांगितलं. ते आपल्या माणसांसाठी होतं. पूल तसाच चालू राहिला. दोन वर्षांनी इराणने आर्मेनियाच्या दक्षिण टोकाला, कापानला, वाणिज्य दूतावास उघडला.

आणि या शिया अझरबैजानचा भरवशाचा दोस्त कोण? इस्रायल. इस्रायल जे तेल जाळतो त्यातलं बरंच बाकूचं. २०२० मध्ये काराबाखवर जी ड्रोन फिरली त्यांत तुर्की होती तशी इस्रायलीही होती. अझरबैजानच्या अध्यक्षांनी या दोस्तीला हिमनगाची उपमा दिल्याचं एका अमेरिकी वकिलातीच्या तारेत नोंदलेलं आहे, दहातले नऊ भाग पाण्याखाली. बाकूने तेल अवीवमध्ये दूतावास उघडला तो २०२३ मध्ये, म्हणजे व्यवहार तीस वर्षं जुना झाल्यावर. आमच्याकडेही असे सौदे असतात. रुमालाखाली बोटं धरून ठरतात, वहीत नंतर चढतात.

हे तेल जातं कोणत्या वाटेने? बाकू, जॉर्जियातलं तिबिलिसी आणि तुर्कस्तानातलं जेहान बंदर, अशी पाइपलाइन आहे. मे २०२४ मध्ये गाझावरून तुर्कस्तानने इस्रायलशी व्यापार बंद केल्याचं जाहीर केलं, त्यावर तुम्ही अर्धा तास खर्च केलात. त्या पाइपलाइनचा नळ मात्र तुर्कस्तानने फिरवला नाही. यावर पाच मिनिटं मिळाली असती तरी मी तुम्हाला दुवा दिला असता.

आपला संबंध सांगतो. या भांडणात आर्मेनियाने २०२२ पासून ज्यांच्याकडून शस्त्रं घेतली त्यांत भारत आहे. तिथे गेलेला पिनाक रॉकेटचा मारा करणारा तोफखाना आपल्या पाषाणच्या प्रयोगशाळेत घडला. मार्केट यार्डातून बसने तासाभराचा रस्ता. मग चित्र असं झालं की हिंदूबहुल भारत आणि शिया इराण ख्रिस्ती आर्मेनियाच्या पाठीशी, तर ज्यू इस्रायल, सुन्नी तुर्कस्तान आणि पाकिस्तान शिया अझरबैजानच्या पाठीशी. शिवाय भारताची इस्रायलशी दोस्ती घट्ट ती वेगळीच. हे सगळं कोणत्या धर्माच्या खात्यात टाकू, तुम्हीच सांगा. पाकिस्तानने तर आपल्या या भावासाठी, अझरबैजानसाठी, आर्मेनिया नावाचा देश आहे हेच तीस वर्षं मान्य केलं नव्हतं. ऑगस्ट २०२५ मध्ये बाकू आणि येरेव्हानची वॉशिंग्टनमध्ये दिलजमाई होऊ लागली आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला पाकिस्तानने आर्मेनियाशी राजनैतिक संबंध जोडले. भावाचं भांडण मिटलं, यांचं तत्त्वही मिटलं.

तुर्कस्तान पाकिस्तानला का धरून आहे हेही तुम्ही विचारत नाही. दोघांची मोठी गाठ १९५५ च्या बगदाद कराराने पडली, ब्रिटन त्यात होता आणि अमेरिका मागे उभी होती. सायप्रसवर पाकिस्तान तुर्कांची री ओढतो, काश्मीरवर तुर्कस्तान परतफेड करतो. २०१८ मध्ये पाकिस्तानने चार युद्धनौकांचं कंत्राट तुर्कस्तानला दिलं. गिऱ्हाईक मोठं आहे. हाच तुर्कस्तान १९४९ मध्ये इस्रायलला मान्यता देणारा पहिला मुस्लिमबहुल देश होता आणि १९५२ पासून नाटोत आहे. मला त्याचा राग नाही असं नाही, मे महिन्यातला राग अजून आहे. पण ज्याच्यावर रागवायचं तो काय विकतो नि कोणाला विकतो, हे मला माहीत असलेलं बरं.

इस्लामी देशांच्या संघटनेचंही तसंच. १९६९ मध्ये मोरोक्कोतल्या रबातच्या पहिल्या बैठकीला आपल्याला बोलावून पाकिस्तानच्या हट्टापायी दाराबाहेर ठेवलं, हा अपमान आपल्याकडे अजून सांगतात, सांगावाही. पण मार्च २०१९ मध्ये त्याच संघटनेच्या अबू धाबीच्या बैठकीत सुषमा स्वराज सन्माननीय पाहुण्या म्हणून बोलल्या आणि पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री रुसून आलेच नाहीत. बालाकोटला जेमतेम तीन दिवस झाले होते. अमिरातीला आपल्या बाजारात रस होता, आपल्याला तिथल्या तेलात आणि तिथे राबणाऱ्या आपल्या लाखो माणसांत. त्याच बैठकीत आणखी एक ठराव झाला. चीनच्या शिनजियांग प्रांतात लाखो वीगर मुसलमान छावण्यांत डांबलेले असताना, आपल्या मुस्लिम नागरिकांची काळजी घेतल्याबद्दल चीनची वाखाणणी. जुलैत बावीस देशांनी, बहुतेक पाश्चात्त्य, चीनविरुद्ध संयुक्त राष्ट्रांत पत्र दिलं. उत्तरादाखल चीनच्या बाजूने सदतीस देशांचं पत्र आलं, त्यावर सौदी अरेबिया आणि पाकिस्तान दोघांच्याही सह्या होत्या. उम्माचा, म्हणजे जगभरच्या मुस्लिम समाजाचा, कैवार घेणाऱ्यांच्या. कर्ज कोणाकडून घेतलंय ते बघायचं, सही कुठे आहे ते आपोआप कळतं.

आता तुमच्यातला कोणी म्हणेल, हे त्यांचं झालं, आपली परंपरा वेगळी. शाळेत इतिहास मलाही होता, आणि आमच्या बाई त्यातले नकोसे भागही शिकवायच्या. १७८० मध्ये इंग्रजांविरुद्ध नाना फडणविसांनी जी मोट बांधली तीत कोण होते? म्हैसूरचा हैदर अली, हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले. हैदराने कृष्णेपर्यंत दाबलेला मराठी मुलूख त्याच्याकडे राहू द्यायचं नानांनी कबूल केलं, कारण इंग्रज जास्त जवळ आले होते. पुढे काय झालं बघा. निजामाला गुंटूर परत देऊन इंग्रजांच्या हेस्टिंग्जने बाजूला काढलं. नागपूरकर, म्हणजे आपलेच, पैसे घेऊन थंडावले. शेवटपर्यंत इंग्रजांशी लढत राहिला तो हैदर. इंग्रजांशी सालबाईचा तह मे १७८२ मध्ये ठरला, पण नानांनी त्यावरचं शिक्कामोर्तब लांबवत नेलं. डिसेंबरात हैदर वारला, मग तह पक्का केला. आणि त्याच नानांनी १७९० मध्ये हैदराच्या मुलाविरुद्ध, टिपूविरुद्ध, निजाम आणि इंग्रज दोघांशी हात मिळवले. त्या मोहिमेत पटवर्धनांच्या फौजेमागच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा शंकराचार्यांचा मठ लुटला, आणि मठाच्या पुन्हा उभारणीला मदत पाठवली ती टिपूने. त्याची याबद्दलची पत्रं मठातच सापडली. टिपू संत होता असं म्हणायला मी हे लिहीत नाही, कुर्ग आणि मलबारमध्ये त्याने काय केलं ते वाचलेलं आहे. शृंगेरी त्याच्या राज्यातली होती, मलबार जिंकायचा होता, एवढं साधं आहे ते.

नेपाळचं उदाहरण तर याच जन्मातलं. जगातलं एकुलतं एक हिंदू राष्ट्र म्हणून आपण ज्याचं कौतुक करायचो, त्याने १९८८ मध्ये चीनकडून विमानविरोधी तोफा घेतल्या. मार्च १९८९ मध्ये व्यापाराचे करार संपले आणि आपण मालवाहतुकीची बहुतेक नाकी बंद केली. काठमांडूत रॉकेलसाठी रांगा लागल्या. पशुपतिनाथ तिथेच होता, आपले यात्रेकरूही जात होते.

कांद्याचं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये आपण निर्यात एकदम बंद केली. पुढच्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर सभेत हिंदीत म्हणाल्या की मी स्वयंपाक्याला सांगितलंय, आता जेवणात कांदा नको; आधी कळवलं असतं तर दुसरीकडून मागवला असता. लोक हसले. लासलगावला कोणी हसलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी आली, तेव्हा सरकार-सरकारमध्ये ठरवून सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांदा सोडला: बांगलादेश, अमिरात, भूतान, बहारीन, मॉरिशस, श्रीलंका. या यादीत मुस्लिम आहेत, बौद्ध आहेत, जिथे हिंदूंचा गट सगळ्यात मोठा ते मॉरिशसही आहे. कोणाला आपल्याजवळ ठेवायचंय त्याची ती यादी. तिकडे बांगलादेशाने वर्षामागून वर्ष संत्र्यावरचं आयातशुल्क चढवत नेलं आणि वरुड-मोर्शीच्या बागायतदाराचं कंबरडं मोडलं. त्याबद्दल तुमच्याकडे एक चर्चा झालेली मला आठवते, पण तिथेही शेवटी विषय घुसखोरांवर गेला.

एवढं लिहिल्यावर प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर माझीही तुमच्यासारखीच एकच पट्टी फिरत राहील. धर्म नुसता दाखवायचा दात असतो असं मला वाटत नाही. इराण-इस्रायल बघा. दोघांची सीमा लागत नाही, एक इंच जमिनीचा वाद नाही. शाहच्या काळात इराणी तेल इस्रायलला जायचं, १९६८ नंतरची एलात-अश्कलोन पाइपलाइन दोघांच्या भागीतली. १९७९ मध्ये क्रांती झाली आणि इस्रायल सैतान ठरला. तरी इराकशी युद्ध पेटल्यावर खोमेनींच्या इराणने इस्रायलच्या हातून शस्त्रं घेतली. १९८६ मध्ये ते बिंग फुटलं. म्हणजे तिथवर वही आणि भाषण वेगवेगळी होती. पण दर शुक्रवारी तेच भाषण चाळीस वर्षं केल्यावर एक पिढी त्यावर वाढते, फौजेतले अधिकारी त्यावर बढत्या घेतात, लेबनॉनपासून येमेनपर्यंत त्या भाषणावर संघटना उभ्या राहतात, आणि मग ते मागे घेण्याची किंमत ते चालवण्याच्या किमतीपेक्षा जास्त होते. जून २०२५ मधले बारा दिवस तेहरानवर बॉम्ब पडले. कोणत्याही हिशेबाने हा इराणच्या फायद्याचा सौदा नव्हता. मला याचीच भीती वाटते. बाजारात ओरडून ओरडून चढवलेला भाव शेवटी स्वतःच्याच गळ्यात पडलेला मी पाहिला आहे.

उलटही होतं. १९७१ मध्ये एकाच धर्माच्या पाकिस्तानचे भाषेवरून आणि सत्तेवरून दोन तुकडे झाले. दोन वर्षं पाकिस्तान बांगलादेश हे नावच उच्चारत नव्हता. पाकिस्तानचे पंतप्रधान भुट्टो यांनी फेब्रुवारी १९७४ मध्ये त्याला मान्यता दिली, लाहोरला इस्लामी देशांची परिषद भरत होती तेव्हा, आणि बांगलादेशचे मुजीब पाहुणे म्हणून लाहोरला आले. हरलेल्या माणसाला खाली उतरायला शिडी लागते, तिथे ती धर्माची मिळाली. भारताच्या दबावाने मान्यता दिली असं दिसलं असतं तर भुट्टोंना ते झेपलं नसतं, भावांनी समजूत घातली म्हटल्यावर चाललं. असा उपयोग मी वाईट म्हणणार नाही. आमच्याकडेही दोन व्यापाऱ्यांचं फाटलं की गणपतीच्या आरतीला दोघांना एकत्र बोलावतात. उधारीचा हिशेब आधी तिसऱ्याने मिटवलेला असतो, आरती नंतर.

तेव्हा माझी मागणी धर्माचं नाव काढू नका अशी नाही. 'इस्लामी देश एकवटले' किंवा 'हिंदू राष्ट्राने पाठ फिरवली' अशी पट्टी लावाल तेव्हा शेजारी चार ओळी वाढवा. कोण कोणाला काय विकतो, सीमा कुठे लागते, घरात कोणती निवडणूक आहे, कर्ज कोणाचं आहे. तुमच्याकडे चर्चेला तेच पाच जण येतात, त्यातले दोन निवृत्त अधिकारी, दोन पक्षांचे, एक मौलाना किंवा महाराज. मौलानांना काराबाख विचारून काय मिळणार? त्याऐवजी एकदा न्हावाशेव्याचा क्लिअरिंग एजंट बोलवा. आखातात वीस वर्षं काढलेला रत्नागिरीचा फिटर बोलवा. इराणला केळी पाठवणारा करमाळ्याकडचा बागायतदार बोलवा, तेहरानच्या बँकेकडून पैसे यायला किती महिने लागतात आणि मधे अमेरिकेचे निर्बंध कुठे आडवे येतात हे तो तुम्हाला एका चहात समजावेल. ओरडणार नाही, हे मान्य. टीआरपीचं तुमचं तुम्ही बघा.

२०२५ च्या ऑक्टोबरातली एक रात्र सांगतो आणि थांबतो. तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीत आले होते. बामियानचे बुद्ध फोडणारी, कंदाहारला आपलं अपहृत विमान उतरलं तेव्हा तिथे राज्य करणारी ही मंडळी. आपण काबूलच्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला. मुत्तकी देवबंदला जाऊन आले. त्याच आठवड्यात, २०२१ मध्ये त्यांच्या विजयावर खूश झालेल्या पाकिस्तानशी त्यांची ड्युरंड रेषेवर, म्हणजे दोघांच्या सीमेवर, लढाई जुंपली आणि तिथली तोरखम नि चमनची फाटकं बंद झाली. तुमच्या पडद्यावर दाढ्या, ज्वाळा आणि 'तालिबान भारताचा मित्र?' असं प्रश्नचिन्ह. मी रिमोट हातात धरून वाट बघत बसलो होतो. कारण ऑक्टोबर हा अफगाण द्राक्षांचा आणि डाळिंबांचा महिना. फाटकाशी शेकडो ट्रक उभे होते, आणि अडकलेलं द्राक्ष तिसऱ्या दिवशी तापतं, चौथ्या दिवशी पेटीच्या तळाला पाणी सुटतं. किती ट्रक, किती दिवस, सौदा तुटला तर तो माल कुठल्या वाटेने वळणार, काबूलला आपली गरज नेमकी कशासाठी लागली, कोणीतरी यातलं एक बोलेल असं वाटलं. पुढच्या काही दिवसांत पाकिस्तानात टोमॅटो किलोला ६०० रुपयांवर गेला, तेही मला दुसरीकडून कळलं.

साडेदहापर्यंत थांबलो. पहाटे चारला इराणची गाडी लागायची होती, मग टीव्ही बंद केला.

आपला,
मार्केट यार्डातला एक आडत्या, पुणे